उपाशी पोटीं रक्तांत साखर कोठून येते?

ज्या घरांत वडीलधाऱ्या माणसाला मधुमेह झालेला असतो, त्या घरीं एक प्रसंग वारंवार घडतो. रात्रीं आजोबांनीं अर्धी भाकरी आणि पालेभाजी एवढेंच खाल्लेलें असतें. पानांत भात वाढलेला नसतो, दुधांत साखर घातलेली नसते. सकाळीं उठून चूळ भरावी, चहाचा घोटही न घेतां बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर ठेवावा, तों आंकडा रात्रीच्यापेक्षां जास्त! मग घरांत कुजबूज सुरू होते. सूनबाई फडताळांतील पेढ्यांचा डबा उघडून पाहतात. मुलगा विचारतो, "नाना, खरें सांगा, रात्रीं उठून कांहीं खाल्लें नाहीं ना?" आजोबा शपथ घेतात, चिडतात आणि शेवटीं गप्प बसतात. चोरी झालेली नसते. चोर मात्र ठरलेला असतो.

आजोबा खरें बोलत असतील, तर ती साखर आली कोठून? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें पुरें उत्तर मिळविण्यास शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ खपावें लागलें. तें उत्तर समजलें म्हणजे आपल्या शरीराचा कारभार किती दूरदृष्टीनें चाललेला असतो हें कळतें, आणि घरांतील एका निरपराध माणसाला न्यायही मिळतो.

आरंभ रोजच्या जेवणापासूनच करणें बरें. ज्वारी, तांदूळ, गहूं, बटाटा, साबुदाणा यांतील मुख्य घटक म्हणजे पिष्ट. पिष्ट, उंसाची साखर, फळांतील साखर, दुधांतील साखर हा सारा एकाच कुळाचा परिवार होय. कर्ब, हायड्रोजन व ऑक्सिजन या तीन मूलतत्त्वांनीं हा परिवार बनलेला असून रसायनशास्त्रांत त्याला कर्बोदकें असें नांव आहे. पिष्ट चवीला गोड नसतें. परंतु भाकरीचा कोरडा तुकडा तोंडांत पुष्कळ वेळ चावीत राहिलें, तर तो हळूहळू गोडसर लागूं लागतो. पिष्ट ही शर्करेच्या कणांची लांबच लांब सांखळी असते, आणि लाळेंतील एक पाचक द्रव्य त्या सांखळीचे तुकडे पाडीत असतें. उरलेलें काम लहान आंतड्यांत पुरें होतें, आणि पचलेलें पिष्ट शेवटीं ग्लुकोज म्हणजे द्राक्षशर्करा होऊन रक्तांत उतरतें. तेव्हां जिभेला गोड न लागणारी भाकरीही रक्ताच्या दृष्टीनें साखरेचाच सांठा आहे. साबुदाणा तर जवळ जवळ शुद्ध पिष्टच. म्हणून "आज उपास आहे, साखर वाढण्याचें कारण नाहीं" ही समजूत निदान त्या खिचडीपुरती तरी खोटी ठरते.

आतां रक्तांतील शिल्लक पाहूं. निरोगी माणसाच्या रक्तांत सकाळीं उपाशी पोटीं दर १०० मिलिलिटरमागें सुमारें ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतें. प्रौढ माणसाच्या अंगांत ५ लिटर रक्त धरलें, तर त्यांतील एकंदर साखर ४ ते ५ ग्रॅम भरते. म्हणजे चहाचा एक लहान चमचा! आणि खर्च पाहावा, तर एकटा मेंदूच दिवसाला सुमारें १२० ग्रॅम, म्हणजे ताशीं ५ ग्रॅम ग्लुकोज फस्त करतो. रक्तांतील तांबड्या पेशींना तर ग्लुकोजवांचून दुसरें इंधनच चालत नाहीं. हिशेब उघड आहे. रक्तांतील शिल्लक तासाभरालाही पुरणारी नाहीं. रात्रीं आठ वाजतां जेवून माणूस सकाळीं सातपर्यंत तोंडांत कांहीं घालीत नाहीं, तरी त्या अकरा तासांत मेंदूचें काम थांबत नाहीं आणि निरोगी माणसाच्या रक्तांतील साखरही फारशी हलत नाहीं. तेव्हां कोणी तरी आंतून ही तूट अखंड भरून काढीत असलें पाहिजे. तें कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न या रूपानें कोणी विचारलाच नव्हता. त्या काळीं पॅरिसमधील द्यूमा व बुसँगो या दोन नामांकित रसायनशास्त्रज्ञांनीं सजीव सृष्टीच्या व्यवहाराची एक सुबक मांडणी केली होती. वनस्पतींनीं सूर्यप्रकाशांत साखर, पिष्ट वगैरे पदार्थ तयार करावयाचे आणि प्राण्यांनीं ते आयते खाऊन जाळून टाकावयाचे, असा तो हिशेब होता. एक वर्ग कमावणारा, दुसरा उडविणारा. या मांडणीप्रमाणें प्राण्याच्या रक्तांत साखर आढळली, तर ती त्याच्या अन्नांतूनच आलेली असणार. आणि मधुमेह म्हणजे अन्नांतील साखर जाळण्याची शक्ति नष्ट होणें, यापलीकडे कांहीं नाहीं. विचार इतका नीटनेटका होता कीं, तो तपासून पाहण्याची गरज फारशी कोणास वाटली नाहीं.

ती गरज क्लोद बर्नार याला वाटली. फ्रान्सच्या बोझोले प्रांतांत द्राक्षांचे मळे करणाऱ्या एका कुटुंबांत १८१३ सालीं त्याचा जन्म झाला. तरुणपणीं ल्यों शहरांत एका औषधविक्याच्या दुकानांत त्यानें उमेदवारी केली. त्याचें मन मात्र नाटकें लिहिण्याकडे होतें. आपलें एक नाटक बरोबर घेऊन तो पॅरिसला गेला आणि तें एका प्रसिद्ध टीकाकारास दाखविलें. पोटासाठीं वैद्यक शिकावें, असा सल्ला त्यानें या तरुणाला दिला. बर्नारनें तो मानला. रंगभूमीचें त्यामुळें किती नुकसान झालें हें सांगतां येत नाहीं. पण इंद्रियविज्ञानाचा मात्र मोठा लाभ झाला. माझांदी या थोर प्रयोगवीराच्या हाताखालीं तो कामाला लागला आणि पुढें त्याच्याच जागीं प्राध्यापक झाला.

बर्नारचा मूळ बेत साधा होता. अन्नांतून रक्तांत शिरलेली साखर शरीरांत कोणत्या ठिकाणीं नाहींशी होते, तें शोधून काढावयाचें. तें ठिकाण सांपडलें कीं मधुमेहाचें मूळ सांपडेल, अशी त्याची आशा होती. साखर ओळखण्याची त्याची कसोटी आजही शाळेच्या प्रयोगशाळेंत दाखवितात. मोरचुदापासून केलेलें निळें अल्कयुक्त द्रावण साखरेबरोबर तापविलें असतां त्यांत तांबूस सांका बसतो. १८४८ सालीं त्यानें एका कुत्र्याला कांहीं दिवस केवळ मांसावर ठेविलें. मांसांत साखर किंवा पिष्ट जवळ जवळ नसतें; म्हणून या कुत्र्याच्या रक्तांत साखर सांपडूं नये. तुलनेपुरता हा प्रयोग होता. पण यकृतांतून हृदयाकडे जाणाऱ्या रक्तांत तांबूस सांका चांगला ठळक दिसला!

दुसरा कोणी असता, तर द्रावणांतच कांहीं दोष आहे असें समजून त्यानें तो प्रयोग टाकून दिला असता. बर्नारनें उलट तपास सुरू केला. आंतड्यांतून यकृताकडे जाणारी एक मोठी शीर असते, आणि यकृतांतून बाहेर पडणाऱ्या शिरा वेगळ्या असतात. मांस खाणाऱ्या प्राण्याच्या आंत जाणाऱ्या रक्तांत त्याच्या कसोटीला साखर दिसेना, आणि बाहेर येणाऱ्या रक्तांत ती भरपूर दिसे. म्हणजे वाटेंत असलेलें यकृतच साखर घालीत होतें. खुद्द यकृताच्या मांसांतही साखर सांपडली. ज्या प्राण्याला निसर्गानें केवळ उडविणारा ठरविला होता, तो स्वतःच साखर निर्माण करीत होता. द्यूमा व बुसँगो यांची सुबक मांडणी एका कुत्र्याच्या यकृतापाशीं अडली.

विरोध व्हावयाचा तो झालाच. कांहींचें म्हणणें असें कीं, यकृत साखर तयार करीत नाहीं, नुसती गोळा करून ठेवितें. या वादाचा निकाल एका साध्या संवयीनें लागला. यकृतांतील साखरेचें मापन बर्नार नेहमीं दोनदां करीत असे, म्हणजे पहिल्यांत चूक झाली असल्यास दुसऱ्यांत दिसावी. एके दिवशीं वेळ अपुरा पडला. एक मापन त्यानें प्राणी मेल्याबरोबर उरकलें आणि दुसरें दुसऱ्या दिवसावर टाकलें. दोन्ही आंकडे जुळावयास हवे होते. पण दुसऱ्या दिवशींचा आंकडा पुष्कळ मोठा आला. एकाच यकृताच्या दोन तुकड्यांत एवढा फरक कसा? एक दिवस पडून राहिलेल्या तुकड्यांत साखर वाढली होती!

मग १८५५ सालीं त्यानें आपला प्रसिद्ध प्रयोग केला. मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचें यकृत ताजें काढून घेतलें आणि त्याच्या शिरेंतून पाण्याचा जोराचा प्रवाह चाळीस मिनिटें सोडला. रक्त धुऊन निघालें, यकृत फिकट पडलें आणि कसोटीला साखर अगदीं दिसेनाशी झाली. तें तसेंच ठेवून दिलें. दुसऱ्या दिवशीं पाहतो, तों त्यांत पुन्हां साखर भरपूर! रक्त नाहीं, अन्न नाहीं, प्राणीही जिवंत नाहीं. तेव्हां ती बाहेरून गोळा होऊन येणें अशक्यच होतें. पाण्याच्या प्रवाहानें वाहून न गेलेला असा कांहीं तरी पदार्थ यकृताच्या पेशींत दडलेला होता आणि त्याची हळूहळू साखर बनत होती. १८५७ सालीं त्यानें तो पदार्थ वेगळा काढला. ताजें यकृत एकदम उकळत्या पाण्यांत टाकलें कीं साखर बनण्याची क्रिया जागच्या जागीं थांबते. मग त्या काढ्यांत मद्यार्क मिसळला असतां पांढरा सांका खालीं बसतो. पिष्टासारखाच हा पदार्थ असल्यामुळें त्याला प्राणिज पिष्ट असेंही म्हणतात. बर्नारनें दिलेल्या नांवावरून ग्लायकोजेन, म्हणजे साखर उत्पन्न करणारें द्रव्य, हें नांव रूढ झालें.

या शोधाची किंमतही मोजावी लागली. गुंगीच्या औषधांचा वापर नुकताच सुरू झालेला असतां जिवंत प्राण्यांवर हे प्रयोग होत, आणि ते आज वाचतांना अंगावर कांटा येतो. बर्नारच्या पत्नीला तर ते कधींच सहन झाले नाहींत. तिच्याच हुंड्याच्या पैशावर संशोधनाचा संसार चालला होता, आणि अखेर तीं दोघें विभक्त झालीं. त्याच्या निष्कर्षांवरही आक्षेप चालूच राहिले. इंग्लंडमधील पेव्ही हा एके काळीं त्याच्याकडे शिकून गेलेला वैद्य. परंतु यकृतांत साखर होते ती केवळ मृत्यूनंतर, जिवंतपणीं नव्हे, असें तो आयुष्यभर म्हणत राहिला. जिवंत माणसाच्या यकृतांतून बाहेर पडणारें रक्त बारीक नळीनें घेऊन तपासणें पुढें विसाव्या शतकांत शक्य झालें, आणि गुरूचेंच म्हणणें खरें ठरलें. १८७८ सालीं बर्नार वारला, तेव्हां फ्रान्सनें त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामानें काढली. शास्त्रज्ञाला असा मान त्या देशांत पहिल्यानेंच मिळाला.

आतां या कोठाराचें स्वरूप पाहूं. ग्लायकोजेनचा एक कण म्हणजे ग्लुकोजच्या हजारों कणांचा जणुं वटवृक्षच; फांद्यांना फांद्या फुटलेल्या आणि प्रत्येक फांदीचें टोंक मोकळें. सांठा करतांना हजारों टोकांना एकाच वेळीं कण जोडतां येतात, आणि गरज पडतांच हजारों टोकांवरून एकाच वेळीं खुडतां येतात. भरपेट जेवणानंतर प्रौढ माणसाच्या यकृतांत असें सुमारें १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतें. रात्रभर यकृत त्यांतून रक्ताला साखर पुरवीत राहतें. बाहेर पडणारी साखर ताशीं ७ ते १० ग्रॅमच्या घरांत असते. पूर्ण एक दिवस उपास घडला, तर हें कोठार जवळ जवळ रितें होतें.

पण कोठार रितें झालें म्हणून पुरवठा बंद पडत नाहीं. यकृत हें नुसतें कोठार नसून कारखानाही आहे. स्नायूंतून आलेलें लॅक्टिक अम्ल, प्रथिनांचे घटक आणि चरबींतील ग्लिसरीन यांपासून तें नवी साखर घडवितें. ही घडण रात्रीं कोठार उघडें असतांनाही चालूच असते. पहाटेच्या सुमारास रक्तांत उतरणारी साखर ढोबळ मानानें निम्मी जुन्या सांठ्यांतली आणि निम्मी नवी घडलेली असते. केवळ मांसावर राहणाऱ्या त्या कुत्र्याचें गूढही यांतच उकलतें. मांसांतील प्रथिनांपासूनच त्याच्या यकृतानें साखर केली होती.

स्नायूंतही ग्लायकोजेन असतें, आणि एकंदरीनें पाहतां यकृतांतल्यापेक्षां कित्येक पट अधिक असतें. परंतु स्नायूंचा स्वभाव निराळा. आपला सांठा ते आपल्याच कामासाठीं वापरतात. रक्ताला परत देत नाहींत. जिना भराभर चढतांना किंवा गाडी गांठण्यासाठीं धांवतांना स्नायू आपलें ग्लायकोजेन मोडतात आणि प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडला कीं त्यापासून लॅक्टिक अम्ल होतें. या अम्लाचें पुढें काय होतें, हें एका पतिपत्नींनीं दाखवून दिलें. कार्ल कोरी व गर्टी कोरी हीं दोघेंही १८९६ सालीं प्राग शहरांत जन्मलीं, एकाच वर्गांत वैद्यक शिकलीं आणि १९२२ सालीं अमेरिकेस गेलीं. १९२९ सालीं त्यांनीं असें मांडलें कीं, स्नायूंतील लॅक्टिक अम्ल रक्तानें यकृताकडे जातें, तेथें त्याचें पुन्हां ग्लुकोज होतें, आणि तें ग्लुकोज रक्तानेंच स्नायूंकडे परत येतें. या फेऱ्याला कोरी-चक्र असें नांव पडलें. धांवल्यावर उरलेला कचराही शरीर टाकून देत नाहीं, तर यकृताकडून त्याची नवी साखर करून घेतें.

या जोडप्याची एक बाजू सांगण्यासारखी आहे. दोघांची विद्या सारखी, प्रयोगशाळा एक, निबंधांवर नांवें दोघांचीं. पण १९३१ सालीं तीं सेंट लुईस येथें गेलीं, तेव्हां कार्ल प्राध्यापक झाला आणि गर्टीला मात्र नाममात्र वेतनावर साहाय्यक म्हणून ठेवण्यांत आलें. १९४७ सालीं तिला प्राध्यापकपद मिळालें, आणि त्याच सालीं दोघांना अर्जेंटिनाच्या उसाई यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. वैद्यकाचें हें पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षीं तिच्या अस्थिमज्जेला असाध्य रोग जडल्याचें निष्पन्न झालें. त्यानंतर दहा वर्षें, १९५७ सालीं मृत्यु येईपर्यंत, ती काम करीतच राहिली.

ग्लायकोजेन मोडतें कसें, हेंही कोरी दंपतीनेंच दाखविलें. विकर म्हणजे स्वतः खर्ची न पडतां रासायनिक क्रिया घडवून आणणारें द्रव्य. अशाच एका विकराच्या मदतीनें ग्लायकोजेनच्या फांदीवरून ग्लुकोजचा एकेक कण सुटतो आणि सुटतांनाच त्याला फॉस्फेटचा एक अंश चिकटतो. जें विकर मोडतें तेंच उलट दिशेनें जोडीतही असावें, असें तेव्हां वाटत होतें. त्यांच्याच प्रयोगशाळेंत कांहीं काळ काम केलेला अर्जेंटिनाचा लुइस लेलोइर यानें हें मत बदलावयास लावलें. १९५७ सालीं त्यानें दाखविलें कीं, सांठा करण्याची वाट वेगळी आणि सांठा मोडण्याची वाट वेगळी. दोन्हींचे विकरही वेगळे. कोठाराला माल आंत घेण्याचें दार एक आणि बाहेर काढण्याचें दार दुसरें. म्हणूनच शरीर एक बंद करून दुसरें उघडूं शकतें. १९७० सालीं लेलोइरला रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

बाहेरचें दारच बिघडलें तर काय होतें, याचें एक हृदयद्रावक उदाहरण आहे. फोन गिर्के यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका जन्मजात रोगांत बालकाचें यकृत ग्लायकोजेननें फुगून पोट मोठें दिसतें. पण दूध पिऊन कांहीं तास लोटले कीं रक्तांतील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते आणि बाळाला झटकेही येतात. धान्यानें कोठार भरलेलें, आणि घर उपाशी! १९५२ सालीं कोरी दंपतीनें या रोगाचें कारण दाखविलें. ग्लुकोजला चिकटलेला फॉस्फेटचा अंश काढून त्याला रक्तांत मोकळें सोडणारें शेवटचें विकरच या मुलांच्या यकृतांत काम करीत नाहीं. पुढें १९८४ सालीं अमेरिकेंतील वैद्यांनीं एक साधा उपाय प्रसिद्ध केला. मक्याचें कच्चें पिष्ट पाण्यांत कालवून ठराविक वेळीं पाजावयाचें. शिजविलेलें पिष्ट लवकर पचतें. कच्चें हळूहळू पचतें आणि तासन्‌तास थोडी थोडी साखर रक्तांत सोडीत राहतें. यकृतानें जें रात्रभर करावयाचें, तें काम वैद्यांच्या देखरेखीखालीं आंतड्यांकडून करून घेण्याची ही युक्ति अनेक मुलांच्या उपयोगी पडली.

आतां या दारांवर पहारा कोणाचा, तें पाहिलें म्हणजे मधुमेहाशीं येऊन पोहोंचतां येतें. १८८९ सालीं मिंकोव्स्की व फोन मेरिंग या जर्मन संशोधकांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्याला मधुमेह झाला. स्वादुपिंडांतून रक्तांत उतरणारें तें द्रव्य मिळवावयास आणखी तीस वर्षें लागलीं. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत त्याचा अर्क काढला आणि कॉलिप यानें तो शुद्ध केला. १९२२ च्या जानेवारींत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोंचण्यांत आला. ११ तारखेचा पहिला अर्क अशुद्ध असल्यानें फारसा उपयोग झाला नाहीं. २३ तारखेला शुद्ध केलेला अर्क दिला आणि मरणाच्या दारांतून तो मुलगा परत आला. हेंच इन्शुलिन.

इन्शुलिन रक्तांतील साखर स्नायूंत व चरबींत शिरण्यास मदत करतें, हें पुष्कळांना ठाऊक असतें. पण त्याचें दुसरें काम तितकेंच मोठें आहे. तें यकृताला सांगतें, "आतां जेवण झालें आहे, कोठार भर, बाहेरचें दार लाव, नवी साखर घडवूं नकोस." याच स्वादुपिंडांतून निघणारें ग्लुकागॉन हें दुसरें संप्रेरक उलट निरोप देतें: "उपास चालू आहे, दार उघड." निरोगी माणसांत या दोन निरोपांचा तोल क्षणोक्षणीं संभाळला जातो. म्हणूनच तो एक चमचा साखर जेवणानंतर थोडीशीच वाढते आणि झोंपेंत फारशी घटत नाहीं.

आतां आजोबांकडे वळूं. उतारवयांत होणाऱ्या मधुमेहांत इन्शुलिन अगदींच नसतें असें नाहीं. तें अपुरें पडतें आणि यकृत त्याचा निरोप नीट ऐकत नाहीं. रक्तांत साखर आधींच जास्त असते, तरी यकृताला वाटतें कीं धनी उपाशी आहे. म्हणून तें कोठार उघडें टाकतें आणि नवी साखरही घडवीत बसतें. त्यांतच पहाट झाली कीं शरीर जागें होण्याच्या तयारीस लागतें. कॉर्टिसॉल, वाढीचें संप्रेरक अशीं द्रव्यें त्या वेळीं रक्तांत वाढतात आणि यकृताला आणखी साखर सोडण्यास लावतात. निरोगी माणसांत थोडें अधिक इन्शुलिन सुटून ही वाढ आवरली जाते. मधुमेह्यांत ती आवरत नाहीं. पेढ्यांचा डबा जागचा हललेला नसतांही सकाळचा आंकडा रात्रीच्यापेक्षां मोठा येतो, तो असा.

पुष्कळ मधुमेही घरांत ओळखीची झालेली मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृताचा हाच अवाजवी उत्साह कमी करते. युरोपांत गॅलेगा नांवाची एक औषधी वनस्पति आहे. तिच्यांतील द्रव्याच्या अभ्यासांतून या औषधाच्या जातीचा माग लागला, आणि फ्रेंच वैद्य झाँ स्टर्न यानें मधुमेह्यांवरील त्याचे प्रयोग १९५७ सालीं प्रसिद्ध केले. बर्नारनें ग्लायकोजेन वेगळें काढल्याला त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.

यावरून कांहीं व्यावहारिक गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. सकाळची साखर वाढली म्हणून रात्रींचें जेवणच बंद करणें हा उपाय नव्हे. यकृत उपाशी पोटींच तर आपलें काम करीत असतें. आणि इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यानें जेवण टाळलें, तर साखर एकाएकीं धोकादायक रीतीनें खालीं येऊं शकते. गोड खाल्लें नाहीं म्हणजे झालें, ही समजूतही अपुरी आहे. भात, भाकरी, साबुदाणा यांचाही हिशेब ठेवावा लागतो. तसेंच सकाळचा प्रत्येक मोठा आंकडा यकृतामुळेंच येतो असेंही नाहीं. रात्रीं उशिरा झालेलें जेवण, कमी पडलेलें औषध, एखादें दुखणें अशीं दुसरीं कारणेंही असतात. तीं निवडणें वैद्याचें काम. घरच्यांनीं करावयाचें तें एवढेंच कीं, रात्रीं झोंपतांना, पहाटे आणि सकाळीं असे कांहीं दिवसांचे आंकडे वेळेसह एका वहींत टिपून वैद्याला दाखवावे, आणि औषधांत मनानें फेरफार करूं नये.

बर्नारच्या हातीं मोठा शोध लागला, तो एका लहान संवयीमुळें. एकच माप तो दोनदां घेई, आणि दोन आंकडे जुळले नाहींत तेव्हां नकोसा आंकडा त्यानें खोटा ठरविला नाहीं. तो खरा असेल तर आंत काय घडत असावें, असें त्यानें विचारलें. घरांतल्या सकाळच्या आंकड्याच्या बाबतींतही तीच रीत बरी. सूनबाईंनीं पेढ्यांचा डबा पुन्हां फडताळांत ठेवावा, आजोबांना त्यांचा बिनसाखरेचा चहा द्यावा, आणि तो आंकडा वहींत लिहून घ्यावा. रात्रभर जागून ती साखर रक्तांत सोडणारें यकृत आपल्या समजुतीप्रमाणें घराला उपाशी न ठेवण्याचेंच काम करीत होतें. चुकलें असेल तर तें. आजोबा नव्हेत.